गवताचं शिंपणं

रविवार, ३१ जानेवारी १९६०

सगळ्यांत आधी टपकली ती वेणूबाई! शेजारीणच ती, कुंपणाला कान लावूनच बसलेली. हातात रिकामी वाटी — म्हणे विरजण हवं. विरजण कुठलं, बघायचं होतं गवत! तिच्यामागून मग सगळी पाखाडी, घराघरांतून.

"वहिनी, खरंच का हो गवत लावलंत? मुद्दाम?"

मुद्दाम! आमचे चिरंजीव शरच्चंद्र मुंबईस हापिसात मोठे झाले. साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ पाहिली, झालं. माझी अबोली, अळू, मिरच्या — सगळं उपटलं आणि अंगणभर हरळी लावली. हरळी! जन्मभर वाडीतली हीच हरळी वाकून वाकून उपटली मी. कंबर गेली तिच्यापायी. आता तिलाच पाणी घालायचं!

का, तर दुर्गीला बघायला दादरची मंडळी यायचीत. दुर्गी म्हणजे शरूची थोरली, माझी नात. मॅट्रिक झाली. तिला पुण्यास मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचंय. बाप म्हणतो, आधी लग्न. मीही म्हटलं, पोरगी वेळेत उजवलेली बरी. ती जेवलीच नाही. नारळाची आमटी केली होती, तिची आवडती, तरी नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

रहाटाचं पाणी मला कळतं. हेला, आमचा रेडा, फिरतो, गाडगी भरून वर येतात, पन्हळीतून पाटात, पाटातून सुपारीच्या आळ्यात. एक आळं भरलं की पायाने माती सारायची, पुढल्यात सोडायचं. डोळ्यांना दिसतं सगळं. हे नवीन मात्र चोरीचं काम! विहिरीवर इंजिन — घशात माशाचा काटा अडकल्यासारखं खोकतं. (मासे आमच्याकडे नाहीत, पण काटा अडकलेला आमचा रहाटावरचा गडी बुधाजी पाहिलाय मी.) ते पाणी चढवतं माडीएवढ्या उंच टाकीत. टाकीतून पाईप जमिनीखालून. न्हाणीमागे पितळी चावी. ती फिरवली की गवतातल्या लोखंडी नळ्यांच्या बारीक भोकांतून पाणी उडतं, वीतभर.

दुर्गीने समजावलं. "आजी, टाकी उंच, म्हणून पाण्याला जोर. जेवढी भोकं कमी उघडी, तेवढी उरलेल्यांतून धार उंच." एवढं म्हणून तिने हाताखालची भोकं पंजाने दाबली — आणि शेजारच्यातलं पाणी थेट माझ्या चष्म्यावर! हसली मेली. किती दिवसांनी हसली! मला इतकं बरं वाटलं की ओरडायचंच राहून गेलं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

तुंबलं! मुंबईचं ज्ञान आठवड्यात तुंबलं!

बुधाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काकू, गवात उपटाचं काम सांगा. ह्ये पोसाचं काम कधी क्येलं न्हाय." खरंच आहे. मग मी नि दुर्गी बसलो. नळीच्या शेवटाचं बूच काढलं, चावी सोडली. आधी रेती आली, मग शेवाळ, मग निवळ पाणी. एकेक भोक दाभणाने मोकळं केलं. टाकीत पाईपच्या तोंडाला माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, म्हणजे रेती आत शिरायची नाही. गोधडी व्हायची होती त्याची!

रात्रीच्या गाडीने शरू आला. "आई, हे तू कशाला करतेस?" मग कोण करणार? तुझा साहेब?

सगळं पाणी इंजिन ओढतं. रहाटाची गाडगी अर्धी येतात. सुपारीची आळी भेगाळलीत आणि अंगणात हरळी डुलतेय!

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

माझी मेणाची डबी सापडत नाही. खाली मेण नाही तर कुंकू काय हवेवर लावू? मांजरीने नेली म्हणावं, तर मांजर काही सवाष्ण नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

आले. मुलगा, बाप, आई. शरूने खुर्च्या गवतात मांडल्या, पायरीपाशी. ओटी सारवून स्वच्छ होती, पण नाही!

ती बाई! जरीचं लुगडं, नाकात बोलणं. "चालून दाखव." दुर्गी चालली. "हात बघू." हात उलटेपालटे केले, बाजारात दोडकी बघतात तसे. "राकट आहेत हो. वाडीत राबते वाटतं?"

राबते! त्या हातांनी सुपाऱ्या वाढवल्या, त्याच तू चघळत बसलीस की गं!

"आमच्याकडे नोकरीबिकरी चालायची नाही. पुस्तकं माहेरीच ठेवून ये." मुलगा बुटाकडे बघत बसला. शरू मान डोलावत होता. माझा शरू! मी उठलेच होते. आमच्या ह्यांनी डोळ्यांनी दटावलं म्हणून, नाहीतर —

दुर्गी नमस्कार करून चहा आणायला आत गेली. आणि फस्सकन्! वीतभर कसलं, पुरुषभर पाणी! तेही सगळीकडे नाही, नेमकं खुर्च्यांभोवती. पोह्यांची पेज झाली. बापाची टोपी गेली. जरीचं लुगडं अंगाला चिकटलं. कुंपणावरून वेणूबाई, "अगबाई, मंगलस्नान इथंच उरकलंत?"

मंडळी फणफणत गेली. शरू बुधाजीवर तुटून पडला, चावी नीट बंद करता येत नाही म्हणून. "म्या सकालधरनं हेल्याजवल हाय," तो म्हणाला. कोण ऐकतंय!

सोमवार, १५ फेब्रुवारी

दाभण घेऊन बसले. पहिल्या भोकातून रेती निघेल म्हटलं. निघालं मेण.

दुसऱ्यातून मेण. तिसऱ्यातून मेण, त्याला जरासं कुंकू चिकटलेलं. लांबची सगळी भोकं अंगठ्याने दाबून बुजवलेली, नीट, गुळगुळीत. मोकळी तेवढी पायरीपाशची.

वर पाहिलं. दुर्गी दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"पुण्याचं ट्रेनिंग कधी सुरू होतं गं?"

"जूनमध्ये."

"बरं."

उठले, शरूला गाठला. तो निघायच्या घाईत. म्हटलं, बुधाजीला बोलायचं नाही. चावी मी सोडली, अळवाला पाणी द्यायला.

"अळू आहे कुठे, आई?"

"तेच तर म्हणते मी!"

शनिवार, २० फेब्रुवारी

शरूने हातापाया पडून त्यांना परत वळवलंय. म्हणाले, त्या पाण्यात मुलगी धड पाहिलीच नाही. खुर्च्या या खेपेस तुळशीच्या बाजूला मांडायच्या.

दुपारी मीच वेणूबाईकडे गेले. हातात रिकामी वाटी. विरजण नको म्हटलं, मेण दे. "वाटीभर? एवढं मेण कशाला हो, वहिनी?" म्हटलं, पाहुणे यायचेत. शिवरात्रीनंतरच्या रविवारी.