जा म्हणणारा हात

जयनगर, १४ मे २०२४

चि. नागोजीस अनेक आशीर्वाद.

कारखान्यातली टाकी फुटल्यापासून तुला ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, म्हणून पत्र. वाच आणि बोलणी खा.

त्या स्फोटानं शेड कोसळली तेव्हा तुझ्या बाजूला बाहेर निघण्याइतकी फट होती, असं तुझ्या लेकीनं, शिवानीनं सांगितलं. तरी पाच तास आत राहिलास, तेही कल्लाप्पासाठी! ज्यानं खोटी तक्रार करून तुझं सुपरवायझरपण घालवलं, त्याच्यासाठी? बायको-मुलगी आठवली नाहीत? स्वल्प माझा तरी विचार करायचास.

रागावलेय, पण लाडू पाठवतेय. माया आहे, म्हणूनच बोलते.

तुझी अक्का,
राजलक्ष्मी

आनेकल, १९ मे

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

लाडू पोचले. निम्मे शिवानीनं पळवले.

अक्का, खरं सांगतो, मी निघालोच होतो. डोकं फटीबाहेर काढलं होतं. ऐकू तर काहीच येत नव्हतं. एकदा वळून पाहिलं, तर कल्लाप्पाच्या पायावर लोखंडी खांब, रक्ताची धार, आणि तो हातानं मला जा, जा म्हणत होता. त्या हातानंच मला अडवलं.

सरपटत मागे गेलो. सदऱ्यानं त्याची मांडी आवळून धरली. पकड जरा सैल पडली की रक्त वाहायचं. वरचे पत्रे हलत होते. मी भयंकर घाबरलो होतो, पण त्याला कळू नये म्हणून हसत राहिलो. हसता हसता माझीच भीती ओसरली. तक्रारीचा राग तेव्हा शोधूनही सापडला नसता. आता कधीमधी येतो, खोटं कशाला बोलू?

त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. तुमच्याच भागातल्या इस्पितळात आहे. मागेपुढे कुणी नाही त्याला. मला अजून हिंडायची परवानगी नाही.

रागासकट तुझा लोभ हवा.

नागोजी

जयनगर, २३ मे

चि. नागोजीस आशीर्वाद.

काल इस्पितळात गेले. कल्लाप्पाला चार शब्द सुनवायचे म्हणून पाठच करून गेले होते. त्याच्या उजव्या हाताला सुई, डाव्या हातानं घास सांडत होता. मी माझा डबा उघडला, सारूभात कालवला आणि भरवला. निम्मं जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, मी कोण. नागोजीची अक्का म्हटल्यावर घास तोंडातच राहिला. मग रडत म्हणाला, तक्रार खोटी होती, तसं साहेबांना लिहून देतो. मी सांगितलं, आधी जेव.

सोमवारी त्याला सोडणार आहेत. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन चढणार कसा? म्हणून आपली खालची खोली रिकामी केली. तुझे दाजीही सरी, ठेवून घेऊ म्हणाले.

हिंडायला लागलास की ये. दोघांना शेजारी बसवून वाढायचंय.

वाट पाहणारी,
अक्का