पैलवानाच्या हातचा चाकवत

पिंपरी,
ता. ४ डिसेंबर १९५६

सन्माननीय व्याही अर्जुनराव आप्पा यांना हिंदुरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे ज्योतीराम, सूनबाई आणि मी असे तिघेही सुखरूप आहोत. तुमचा गुडघा, विहीणबाईंचा दमा आणि काळी म्हैस यांची खुशाली कळवावी (याच क्रमाने नव्हे, ज्याला जास्त त्रास त्याची आधी). तुमचं कार्ड पोचून तीन आठवडे झाले. 'पोरगी वाळली असं ऐकतो, खरं काय ते कळवा,' एवढीच ओळ होती, पण तिचं उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण तेव्हा खरं ते कळवण्यासारखं नव्हतं. आता आहे. गुडघ्याला शेक घेत सावकाश वाचा.

शालन वाळली होती, हे खरं आहे. पाचवा महिना लागला आणि पोरीला फोडणीचा वाससुद्धा सोसेना. एके दिवशी पाण्याचा हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, महिनाभर चुलीच्या धुराजवळ जाऊ देऊ नका आणि नीट खायला घाला. ज्योतीराम औषधाच्या कारखान्यात. आज पहिली शिफ्ट, तर उद्या तिसरी. (अख्ख्या देशाला पुरेल एवढं औषध तिथं बनतं म्हणतात, आणि त्याच्या घरात भाकरी कोण थापणार याची पंचाईत.) राहता राहिलो मी. आप्पा, तुम्ही-आम्ही एका तालमीत वाढलो. चूल कुठल्या बाजूनं पेटवतात हे मला साठाव्या वर्षी कळलं, यात तुम्हाला नवल वाटू नये, कारण तुम्हाला अजून कळलेलं नाही.

'नीट खायला घाला' याचा मला माहीत असलेला अर्थ एकच, तो म्हणजे पैलवानाचा खुराक. मी दूध आटवलं, बदाम वाटले, वर पळीभर तूप सोडलं आणि पितळी तांब्या काठोकाठ भरून सूनबाईच्या हातात दिला. सासऱ्याचा मान म्हणून पोरीनं तो डोळे मिटून निम्मा संपवला. पुढचा निम्मा राहू द्या, आधी गेलेलाही माझ्या धोतरावर परत आला. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आजोबा, तिला आखाड्यात उतरवायचंय का?" आणि त्यांनी एक छापील कागद दिला. पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, नाचणी, शेंगदाणे, गूळ, ताक; तेल बेतानं, तिखट त्याहून बेतानं. कागद चांगला होता, पण काय खावं एवढंच त्यात होतं. कसं करावं याचा कुठं पत्ता नव्हता.

मग मी वही घेतली आणि कारखान्याच्या वसाहतीत दारोदार निघालो. इथं आप्पा, मुलुखाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आलीत. शेजारच्या सुमनताई रत्नागिरीकडच्या. त्या म्हणाल्या, भाजी कोणतीही असो, ओलं खोबरं पाहिजे. समोरच्या इंदुताई परभणीच्या. त्या म्हणाल्या, खोबरं कशाला, शेंगदाण्याचं कूट घाला. किती घालायचं असं विचारलं की दोघींचं उत्तर एकच, 'अंदाजानं.' मी वहीत 'अंदाजानं' असं नऊ वेळा लिहिलं. पैलवानाचा अंदाज कसला असतो ते मटकीनं दाखवून दिलं. पिशवीत होती तेवढी सगळी मी भिजत घातली आणि उबेला ठेवली. दोन दिवसांनी बघतो तर झाकण वर उचललेलं आणि मोड बाहेर डोकावतायत. घंगाळ भरलं, दोन पातेली भरली, तरी उरली. चार दिवस अख्ख्या चाळीनं मटकी खाल्ली. ज्योतीरामच्या डब्यात रोज तेच. पाचव्या दिवशी त्याच्या सोबत्यांनी डबा न उघडताच त्याला परत दिला.

शालन मात्र घासभर खायची आणि 'छान झालंय' म्हणून ताट सारायची. आप्पा, ते 'छान झालंय' मला रात्रंदिवस टोचायचं. तुमच्या वहिनीनं तीस वर्षं माझ्यापुढं पालेभाजी वाढली आणि मी तीस वर्षं 'हा काय पाला वाढलास' म्हणून ताट सारलं. त्या बाईनं कधी शब्दानं तक्रार केली नाही. ती असती तर पोरगी अशी सुकली नसती, आणि ती नाही म्हणून तिला विचारायची सोय नाही. असा मी एका सकाळी ओट्यावर मेथी घेऊन बसलो होतो आणि देठासकट दोन्ही हातांनी पिळत होतो.

चिखलीहून कौशल्याबाई म्हणून एक म्हातारी टोपली घेऊन येते. स्वतःच्या मळ्यातली भाजी आणते. ती माझ्याकडं बघून थांबली आणि म्हणाली, "आवं पैलवान, पाला हाय त्यो! त्याला चितपट न्हाई करायचा, निवडायचा."

मी सगळी हकीकत सांगितली. तिनं टोपली उतरवली, उंबऱ्याशी बसली, आणि त्या दिवसापासून मी आप्पा, तिचा पठ्ठ्या झालो. एक जुडी चाकवत काढून म्हणाली, "पोटुशीला हे चालतंय. धा येळा धुवा, ताकात शिजवा, मूठभर डाळीचं पीठ लावा. लसूण फोडणीला, पर वास घरात कोंडू देऊ नगा. चूल भाईर घ्या." चूल बाहेर घ्यावी, हे एवढ्या शहाण्यांत कुणालाच सुचलं नव्हतं! मूठभर पीठ मात्र मी माझ्या मुठीनं घातलं. चाकवताचा असा गोळा झाला की पळी त्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईनं माझी मूठ उघडून बघितली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "ही मूठ हाय व्हय? ह्यात माझं चार दिस जात्याल!"

मग ती रोज थोडं थोडं शिकवत गेली. तांदुळजा, आंबटचुका, हरभऱ्याचा कोवळा पाला, नाचणीची आंबील. मी वहीतले 'अंदाजानं' खोडले आणि 'कौशल्याबाईची मूठ' असं लिहिलं. गेल्या महिन्याच्या अखेरीस, सोमवारी, मी अंगणातल्या चुलीवर चाकवत केला, ज्वारीची भाकरी थापली (नकाशावरच्या एखाद्या जिल्ह्यासारखी झाली, पण मऊ होती) आणि ताट पुढं ठेवलं. शालननं खाल्लं. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होतो. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आबा, अजून थोडी भाजी आहे?"

आप्पा, आयुष्यात मी दोन फेटे आणि एक चांदीचं कडं जिंकलं. त्या वेळी छाती फुगली होती. त्या सोमवारी मात्र मला धुराचं निमित्त करून घराच्या मागं जावं लागलं.

काल डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. वाढलंय म्हणाल्या. गालांवर तेज आलंय, दवाखान्याचा जिना न थांबता चढते, आणि परवा ज्योतीरामवर चांगली खेकसली. तेव्हा काळजी नसावी. विहीणबाईंना दंडवत.

आपला,
हिंदुराव

ता. क. चूल आणि मेथीचा मजकूर तालमीत वाचून दाखवू नये. खुराकाचा वाचला तरी चालेल.

आणखी ता. क. आता मूळ मुद्दा. सातव्या महिन्यात तुम्ही लेकीला बाळंतपणासाठी न्यायला याल. तेव्हा सोबत मलाही न्यावं, ही नम्र विनंती. सासरा सुनेच्या माहेरी राहायला जात नाही, हे मला ठाऊक आहे. लोकांनी विचारलं तर पोरांना डाव शिकवायला आलाय म्हणून सांगा. मागच्या पडवीत एक चूल आणि एक घोंगडी, एवढ्यावर माझं भागेल. विहीणबाईंच्या दम्यालाही धूर चांगला नाही, हे डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय.

ती. आप्पांना शालनचा शि. सा. नमस्कार. पत्र पेटीत टाकायला आबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून ही चार ओळींची भर. आबा भाजीत मीठ घालायला रोज विसरतात. ते हातपाय धुवायला गेले की मी पटकन घालते. आपल्या हाताला चव आहे असं त्यांना वाटतं, ते तसंच वाटू दे. आईला सांगा, न्यायला आलात की दोघांना न्या. मी एकटी येणार नाही.