पानगळीआधीची जागा

प्रिय ताई,

हे लिहितोय आणि साहेब बाहेर गाडीत कॅमेरे भरताहेत. उद्या पहाटे ते मासिकाच्या संपादिकेला जंगलात माझ्या जागेवर नेणार आहेत. खोडांमधून उतरणाऱ्या उन्हाचा जो फोटो मी तिथे काढून तुला पाठवला होता, तो त्यांनी त्याच मासिकात स्वतःच्या नावाने छापून आणला.

आज गोड आवाजात विचारलं, "अरे, नेमकी जागा कुठली रे?"

"ओढ्यापलीकडचं वाकडं झाड, साहेब."

एक अक्षरही खोटं बोललो नाही. फक्त पानगळ झाल्याशिवाय तिथे ऊन पोचत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. सध्या पानं दाट आहेत. त्या पानांवर माझा इतका जीव कधीच नव्हता.

मी गप्प बसलो की काहीतरी शिजतंय, असं तू म्हणायचीस ना? आईला मात्र सांग, नोकरी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तिचा खोकला थांबला का?

तुझा गप्प भाऊ

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी ऊन वर चढलं, झाडाखाली मात्र सावलीच राहिली. संपादिकेने विचारलं, "तो फोटो तुम्ही कधी काढला होता?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेन्स पुसत राहिलो.