कुमुदिनीची वाटी

५ मे
आले एकदाची ग्वाल्हेरला! साताऱ्यात सगळे विचारत होते, पोरीला बिजवराला कशाला देता. पण समरजीत स्टेशनवर मोगऱ्याचा गजरा घेऊन उभा होता, मी तिथेच विरघळले. जयेंद्रगंजातलं घर दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. सासूबाई, उषाताई, निम्मं हिंदीत बोलतात, ऐकायला मजा येते. सगळं आवडलं, फक्त झोप येत नाही. नवी जागा, त्यात कूलरची घरघर.

९ मे
सासूबाईंनी माझे तांबारलेले डोळे पाहिले. म्हणाल्या, टेंशन नको घेऊ, वाटी घिसली की नींद हाजिर. दुपारी बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या. त्यांनी मला आडवं केलं, तळव्यांना तूप चोपडलं आणि काशाची वाटी घासत बसल्या. तळवे काळे झाले. अंगातली उष्णता निघते म्हणे. मी जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले.

वाटी समरजीतच्या पहिल्या बायकोची, कुमुदिनीची, माहेरून आणलेली. ती कुणाला हात लावू देत नसे. गेलेल्या माणसाचा कसला आलाय हट्ट? तिचा नवरा घेतला मी, तिथे वाटीचं काय.

१५ मे
सासूबाई माधवगंजला बहिणीकडे गेल्यात. तरी दुपारी गाढ झोप लागली. उठले तर माझे तळहात काळे, तुपकट. शेजारी समरजीत. एरवी त्याला गोळीशिवाय डोळा लागत नाही. त्याचे पाय घोट्यांपर्यंत काळे होते आणि कितीतरी वेळ हलवूनही तो उठेना. मी घासली असेन? मला काही आठवत नाही.

१९ मे
खालच्या लीलाताईंना कुमुदिनीबद्दल विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. समरजीत तिला मारायचा. एक दिवस ती कायमची माहेरी निघाली, बॅगसुद्धा भरली. उषाताई म्हणाल्या, आज आराम कर, कल चली जाना, आणि तिच्या पायाला वाटी घासत बसल्या. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हार्ट म्हटलं. पण तिला शेवटची आंघोळ लीलाताईंनी घातली होती. ओठ आतून फाटलेला, दातांचे वण. तोंडावर उशी दाबली होती, लीलाताईंना खात्री आहे.

२२ मे
समरजीतला विचारलं. त्याने कानाखाली वाजवली. मी बॅग भरली. रात्रीची गाडी आहे.

सासूबाई वाटी घेऊन आल्यात. आज आराम कर म्हणतात, कल चली जाना.

तेच शब्द. दारात समरजीत. हातात उशी —

संध्याकाळ
पाय दाबून धरून सासूबाई वाटी घासू लागल्या. झोपायचं नव्हतं. जीभ चावून धरली, तरी —

जागी झाले तर वाटी माझ्या हातात. दोघं जमिनीवर. गुडघ्यांपर्यंत काळे. श्वास नाही. उशी त्याच्याच तोंडावर.

रडू आलं नाही. बरं झालं. तिच्या वाटचंही फिटलं आणि माझ्या वाटचंही.

गाडीला वेळ आहे. वाटी धुऊन बॅगेत टाकली. तिच्यावाचून मला झोप कुठली? आता ती माझीच —

बॅग उघडी. वाटी नाही.

डोळे मिटतायत. पायाशी कुणीतरी बसलंय. तळव्याला गार —

देते. कुमुदिनीताई, परत देते, तुमचीच आहे, मी फक्त —