ताशी एकोणचाळीस मैल

११ सप्टेंबर

घडलं ते असं.
१. ३० ऑगस्टच्या रात्री वादळ झालं.
२. छपराच्या पश्चिमेकडच्या उतारावरचे शिंगल (डांबरी कौलं) उडाले. काही शेजारच्या वर्नच्या टोमॅटोंत सापडले.
३. माझ्याकडे राहायला येणाऱ्या आईसाठी तयार केलेली खोली गळते.
४. विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारण: छपराची नैसर्गिक झीज.
५. कारण चुकीचं आहे.

१२ सप्टेंबर

कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात एकही आकडा नाही. असं पत्र खोडून काढायला एक वीकेंड पुरेल. निश्चय: अपिलात भावनेचा एकही शब्द नको.

आईला ओमाहाला फोन करून सांगितलं की छपरावर टाकलेली ताडपत्री तात्पुरती आहे. आई म्हणाली, बरं, पण सामानाचा ट्रक चार ऑक्टोबरचा आहे. तोवर छपराचं पक्कं कळलं नाही तर तो फिनिक्सला केन्ड्राकडे जाईल, आणि या वयात मी दुसऱ्यांदा खोकी भरणार नाही. ताडपत्रीखाली राहायला मी काही काउंटी फेअरच्या जत्रेतली गाय नाही.

केन्ड्रा माझी बहीण. तिच्याकडे पाऊसच पडत नाही. यात तिचं कर्तृत्व काय?

१३ सप्टेंबर, शनिवार

टीव्हीवरची मॅच सुरू व्हायच्या आधी वर्न कुंपणापाशी आला. म्हणाला, पोरी, अख्ख्या गल्लीचे क्लेम पास झाले. एअरपोर्टच्या हवामान केंद्राचा कागद जोडायचा, वारा बहात्तर मैल, विषय संपला.

त्याला शांतपणे सांगितलं की एअरपोर्ट अकरा मैलांवर आहे. तिथला वारा तिथला. माझ्याकडे स्वतःचं वारा मोजायचं यंत्र आहे. वर्न म्हणाला, ते गॅरेजमागचं भिरभिरं? त्याच्यावर चिमणी बसून पिसं साफ करते, तिला कधी तोलसुद्धा सावरावा लागत नाही.

वर्नने आयुष्यभर मका पिकवला, यंत्रं बसवली नाहीत. ते गॅरेजच्या आडोशाला मुद्दाम लावलं आहे, वादळात मोडू नये म्हणून.

१४ सप्टेंबर

यंत्रातली नोंद काढली. त्या रात्रीचा सर्वांत मोठा झोत ताशी ३९ मैल. एअरपोर्टपेक्षा कमी, पण माझ्याच अंगणातला. कमी आकड्याचा फायदाच आहे. मी फुगवून सांगत नाही हे कंपनीला एकदा पटलं की बाकीचं ते निमूट मान्य करतील.

१७ सप्टेंबर

कंपनीच्या ब्रॅडीचा फोन. छप्पर बघायला तोच आला होता. म्हणाला, मॅडम, वाऱ्याचा एक कागद पाठवा, तुमच्या शेजाऱ्यांनी पाठवला तोच चालेल, मी लगेच फाइल पुढे सरकवतो.

माझ्या अहवालाला ते घाबरलेले दिसतात.

१९ सप्टेंबर

अहवाल पाठवला. एकतीस पानं. पान नऊवर तक्ता: हे शिंगल किती वारा सोसू शकतात (११०), त्या रात्री किती वारा होता (३९). फरक ठळक अक्षरांत. आमच्या कारखान्यात धान्याच्या कोठारांसाठी मी असेच तक्ते करते.

लंचमध्ये कारखान्यातल्या रोनेलला दाखवला. बराच वेळ बघून तिने विचारलं, हे अपील तुझं आहे की त्यांचं? निःपक्षपाती लिखाण असंच दिसतं, हे तिला समजावलं. ती सँडविच घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली.

२५ सप्टेंबर

नाकारलं. ११० मैल सोसणारे शिंगल ३९ मैलांत उडाले, म्हणजे ते झिजलेले असणार, असं अर्जदारानेच सिद्ध केलं आहे, म्हणे. पान नऊचा उल्लेख तीनदा.

ब्रॅडीने फोनवर सांगितलं की त्याच्या साहेबांनी तो तक्ता नव्या लोकांच्या ट्रेनिंगसाठी ठेवून घेतला आहे. म्हणजे तक्त्याबद्दल कुणाचा आक्षेप नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

यंत्र निर्दोष आहे हे सिद्ध करायला ते काढून समोरच्या लॉनमध्ये खांबावर लावलं. खांब वर्नने धरला. गॅरेजमागे सहा दाखवत होतं. लॉनवर सतरा. वर्नची टोपी उडाली म्हणून तो खांब सोडून तिच्यामागे गेला.

एका दिवसाच्या वाऱ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

२८ सप्टेंबर

आजही वारा. गॅरेजमागे आठ, लॉनवर एकवीस.

आईचा फोन. खोकी भरून झाली. म्हणाली, मार्कर हातात घेऊन बसलेय, वर पत्ता कुणाचा लिहू ते सांग. केन्ड्राने आपला दोनदा सांगितलाय, अगदी पिनकोडसकट. अपील अंतिम टप्प्यात आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, बाळा, ते तू मागच्या रविवारीही म्हणालीस.



२९ सप्टेंबर

पाठवलं ते असं:

ब्रॅडी, माझ्या अहवालातला वाऱ्याचा आकडा चुकीचा आहे. यंत्र गॅरेजच्या आडोशाला होतं. ती चूक माझी. अहवाल मी मागे घेते. शेजाऱ्यांनी पाठवला तोच एअरपोर्टचा कागद सोबत जोडला आहे. एकच पान आहे. आई इथे राहायला यायची आहे आणि तिचीच खोली गळते. कृपया शुक्रवार, ३ ऑक्टोबरपर्यंत उत्तर कळवावं.