बर्फात नेलेलं रक्त

आई, परवा आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, पालघरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. अगदी तुझ्यासारखंच, आधी हातपाय गळाले, मग छाती धडधडायला लागली. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. रिटायर झाल्यापासून तेवढंच काम उरलंय मला. "रिपोर्ट उद्या मिळेल म्हणालात तर बघा," असं नर्सला दारातच सुनावलं. तिने खाटेशेजारीच रक्ताचे दोन-तीन थेंब हातातल्या छोट्याशा मशीनमध्ये घातले. माझं बोलणं संपायच्या आत आकडा आला. पोटॅशियम भयंकर वाढलं होतं. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच इंजेक्शन दिलं, आणि माझं भांडण तोंडातच राहिलं. काहीतरी खोट काढायची म्हणून मी विचारलं, "आणि रक्त बर्फात नाही ठेवत तुम्ही?" पोरगी हसली. "बरफ कशाला आजी, पापलेट हाय का ते? बरफाला लागलं तर पेशी फुटतात, रक्त फुटतं. मग रिपोर्ट काय कामाचा नाय."

मी बाकावर बसले आणि तुझा तो शेवटचा दिवस समोर आला.

तू सातपाटीच्या दवाखान्यात खाटेवर आहेस. डॉक्टर रक्ताची बाटली माझ्या हातात देतात, "बोईसरच्या लॅबमध्ये ताबडतोब न्या" म्हणतात. बाहेर ऊन रणरणतंय. मी तुझाच मासळीचा डबा घेते, बर्फ भरते, बाटली आत खोल खुपसते. तूच शिकवलेलं, "बरफाला हात आखडू नको गो, मासली जाईल." लॅबच्या दारात मात्र डब्याच्या वासाची लाज वाटते. डबा रिक्षात ठेवते, बाटली पदराला पुसून आत नेते. लॅबवाला ती उजेडात धरतो. "रक्त फुटलंय. बर्फात घातलं होतं का?" मला वाटतं, कोळणीची पोर म्हणून हिणवतोय. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत मी त्याची चांगली खरडपट्टी काढते. दुसरं रक्त घ्यायला परत आले, तेव्हा तुझ्या तोंडावर चादर ओढली होती.

इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक श्राद्धाला मी त्या लॅबवाल्याला शिव्या घातल्या. धाकट्यालाही तेच सांगत आले, त्याने आईला मारलं म्हणून. धाकटा काल घरी आला, डाळभात जेवला. समोरच बसला होता, तरी माझ्याच्याने खरं सांगवलं नाही. हे पत्रही त्याला दाखवणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, मला एकदाही बसली नव्हती. लॅबवाल्याने बर्फाचं विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हणाले होते, आई.