सुनेची शाबासकी

४ जून
आज सूनबाईनं मला शाब्बास म्हटलं! तिच्या टेबलाचा खण अडकत होता. थोडा रंधा मारला, मेण लावलं — लोण्यासारखा सरकायला लागला. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं, "शाब्बास, बाबा!" आणि लगेच जीभ चावली.
माझी थोरली बहीण, आक्का, दारातून बघत होती. "सासऱ्याच्या पाठीवर थाप? तो काय शाळेतला पोर आहे तुझ्या?" पोरगी कानकोंडी झाली.

५ जून
सूनबाईची सवयच आहे ती. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. म्हणाली, "नुसतं तोंडानं म्हटलेलं त्यांना पोचत नाही, म्हणून थाप द्यायची. चुकून झालं, बाबा."
चुकून कसलं! शाबासकी थोरल्यानं धाकट्याला द्यायची, हे खरं. थोरल्यांना आपण फार तर "छान" म्हणतो. पण मला सुतारकाम शिकवलं कुणी? लोकांच्या मोडक्या खुर्च्या खोलून खोलून शिकलो. गुरूच नाही, तर शाब्बास म्हणणार कोण! सत्तरी उलटल्यावर पहिली थाप मिळाली. दिवसभर हवेत आहे!

९ जून
सूनबाई आता "छान झालंय हं" म्हणते — पाहुण्यासारखं. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, ती विचारतेय, आपण वेगळं राहायचं का?" तसाच उठलो. आक्काला समजवायला गेलो, तर पाठ करून भाजी निवडत बसली. हूं नाही की चूं नाही. मला कडेवर वाढवलं तिनं, तिच्याशी भांडू तरी कसा?

१० जून
सापडली युक्ती! सूनबाईला म्हटलं, "तुझ्या त्या हातांच्या खुणा मला शिकव. मग मी रीतसर तुझा विद्यार्थी. मग थाप द्यायला कोण अडवतं बघू!" किती दिवसांनी हसली!
संध्याकाळी पहिला धडा. बोटं वळता वळत नाहीत. "बाबा, हे पाणी नाही झालं, तुम्ही माशी हाकलताय!"
देवा, किती दिलंस रे.

१३ जून
रोज धडा. वेगळं राहायचं नाव कुणी काढत नाही. आक्का लांबून टक लावून बघते.

१४ जून
आज आक्का खुर्ची ओढत आमच्यात येऊन बसली. सूनबाईचा हात धरला. "मलाही शिकव गं. दोन वर्षं झाली, मला धड ऐकू येत नाही. कुणाला बोलले नाही."